झुरणीला लागलेल्या तान्ह्यांचे दुखणे ओळखणारा डॉक्टर

कशेळी (भिवंडी), खास प्रतिनिधी

ठाण्याचा बाळकुम नाका मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कशेळी लागते. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा गोदामांचा पट्टा सुरू होतो. गोदामांत माल चढविणारी, बांधणारी, यंत्रमागांवर पाळ्या करणारी कुटुंबे याच पट्ट्यातील चाळींमधून राहतात. आई कामावर गेली की तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या किंवा शेजारणीच्या कडेवर वाढते. अंगणवाडीत त्याचे वजन होते, लस टोचली जाते, वजनाचा आकडा घरच्यांच्या लक्षात राहतो. मात्र कालपर्यंत खिदळणारे मूल गेल्या महिन्याभरात हसलेले नाही, हे फारसे कोणी मनावर घेत नाही. ते रडत नसेल तर उलट कौतुकच होते. मूल मोठे गुणी आहे, कुणाला त्रास म्हणून देत नाही, असे सांगितले जाते.

गंमत अशी की, या अवस्थेसाठी मराठीत फार जुना आणि अचूक शब्द आहे. आईवेगळे मूल झुरणीला लागले, असे आपल्या आजीने म्हटलेले अनेकांनी ऐकले असेल. झुरणे म्हणजे नुसते रडणे नव्हे. त्यात अन्न तुटणे आहे, झोप उडणे आहे, अंग सुकत जाणे आहे आणि अखेरीस जीव जाणेही आहे. जे घरातल्या बायकांना ठाऊक होते ते वैद्यकाला मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मान्य नव्हते. सहा-आठ महिन्यांच्या बालकाला नैराश्याचा आजार होऊ शकतो, तो लक्षणांवरून ओळखता येतो आणि वेळेत ओळखला तर बरा होतो, हे आकडे, मोजमापे आणि चलचित्रांच्या आधारे मांडण्याचे धाडस ज्या डॉक्टरने केले, त्याचे नाव रेने आर्पाद स्पिट्झ.

स्पिट्झ यांचा जन्म २९ जानेवारी १८८७ रोजी व्हिएन्ना येथे एका सधन हंगेरियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण आणि बहुतेक शिक्षण बुडापेस्टमध्ये गेले. १९१० मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. बुडापेस्टमध्ये शांडोर फेरेन्त्सी यांच्याशी त्यांचा संबंध आला. फेरेन्त्सी हे सिग्मंड फ्रॉइड यांचे निकटचे सहकारी. त्यांच्याच सांगण्यावरून तरुण स्पिट्झ व्हिएन्नात फ्रॉइड यांच्याकडे गेले आणि मनोविश्लेषक होण्यासाठी स्वतःचे विश्लेषण करून घेणाऱ्या अगदी पहिल्या काही डॉक्टरांपैकी एक ठरले. पुढची अनेक वर्षे त्यांनी मोठ्या माणसांवर उपचार करण्यात घालविली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाचे सभासद झाले. तेथून बर्लिन, आणि १९३२ मध्ये पॅरिस. तेथे त्यांनी एकोल नोर्माल या नामांकित संस्थेत मनोविश्लेषण शिकविले. इथवरचे त्यांचे आयुष्य त्या काळातील कोणत्याही सुस्थितीतील युरोपीय डॉक्टरासारखेच आहे. ते वेगळे वळण घेते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

१९३५ पासून स्पिट्झ तान्ह्या मुलांकडे वळले. त्या काळच्या मनोविश्लेषकांचे सारे ज्ञान कोचावर आडव्या झालेल्या प्रौढ रुग्णाच्या आठवणींतून आलेले होते. बालपण म्हणजे मोठ्या माणसाने मागे वळून सांगितलेले बालपण. पण ज्याला बोलताच येत नाही, त्याच्या मनाचा थांग कसा लावायचा? स्पिट्झ यांचे उत्तर सरळ होते: त्याच्याजवळ बसायचे आणि पाहायचे. एकदा नव्हे, दर आठवड्याला, तासन् तास आणि महिनोन् महिने. व्हिएन्नात शार्लट ब्यूलर आणि हिल्डेगार्ड हेट्झर यांनी बालकांच्या विकासाच्या चाचण्या तयार केल्या होत्या. मूल वस्तू कशी पकडते, माणसाला कसा प्रतिसाद देते, हालचाल किती करते, यावरून त्याचा विकासांक काढता येई. वयाला साजेशी वाढ असेल तर तो शंभराच्या आसपास येतो. स्पिट्झ यांनी या चाचण्या आपल्याशा केल्या आणि त्यांच्या जोडीला चलचित्राचा कॅमेरा घेतला. मुलाच्या चेहऱ्यावरून क्षणभरात सरकून जाणारी छटा पडद्यावर पुन्हा पुन्हा, सावकाश पाहता येते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. आज हे आपल्याला साधे वाटते. तेव्हा मनोविश्लेषकाने हातात कॅमेरा घेणे हेच अप्रूप होते.

युरोपवर युद्धाचे ढग जमू लागले. ज्यू असलेल्या स्पिट्झ यांना पॅरिसही सोडावे लागले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेथील माउंट सिनाई रुग्णालयात त्यांना काम मिळाले. वय पन्नाशीच्या पुढे होते, देश आणि भाषा परकी होती. ज्या संशोधनासाठी त्यांचे नाव आज घेतले जाते, ते सगळे यानंतरचे आहे. त्यात त्यांना कॅथरीन वुल्फ यांची मोलाची साथ लाभली. ब्यूलर यांच्या हाताखाली तयार झालेल्या या संशोधिकेचे नाव पुढे मागे पडले, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

स्पिट्झ यांनी प्रामुख्याने दोन संस्थांतील मुलांची तुलना केली. त्यांनी या संस्थांची नावे वा गावे कधीच उघड केली नाहीत. पहिली संस्था होती एका सुधारगृहवजा तुरुंगाला जोडलेले शिशुगृह. गरोदर अवस्थेत शिक्षा झालेल्या तरुण मुली तेथे बाळंत होत आणि परिचारिकांच्या देखरेखीखाली आपले मूल स्वतःच सांभाळत. दुसरे होते एक अनाथालय. गरिबीमुळे मूल पोसणे अशक्य झालेल्या मातांची मुले तेथे ठेवली जात. पहिले तीन महिने मातेचे वा दाईचे दूध मिळे, त्यानंतर मूल वेगळे ठेवले जाई.

कागदावर पाहिले तर अनाथालयात कशाची उणीव नव्हती. स्वच्छता कडक, आहार चांगला, डॉक्टरांची रोज फेरी. जंतुसंसर्ग होऊ नये याची काळजी एवढी की, पाळण्यांच्या कडांवर चादरी टाकलेल्या असत. परिणामी मुलाला दिसे ते फक्त छत. खेळणी जवळजवळ नव्हतीच. एका परिचारिकेच्या वाट्याला आठ-दहा मुले येत. म्हणजे मुलाला पाजणे, पुसणे, कपडे बदलणे एवढेच उरके. महिनोन् महिने पाठीवर पडून राहिल्याने गादीला खोलगट खळगा पडे आणि ज्या वयात मूल कुशीवर वळायला शिकते, त्या वयात त्याला त्या खळग्यातून वळताही येत नसे. स्पिट्झ यांच्या साऱ्या लेखनात या खळग्याइतके बोलके दुसरे काही नाही.

१९४५ मध्ये मुलांच्या मनोविश्लेषणाला वाहिलेल्या एका नव्या वार्षिकाच्या पहिल्याच खंडात स्पिट्झ यांनी आपले निष्कर्ष मांडले. अनाथालयातील मुलांचा विकासांक सुरुवातीला १२४ होता, म्हणजे चांगलाच वरचा. वर्षअखेरीस तो ७२ वर आला. तुरुंगातील मुलांचा आरंभीचा विकासांक १०१.५ होता आणि तो वर्षअखेरीस १०५ झाला. शिक्षा भोगणाऱ्या, अनेकदा स्वतःच अर्धवट वयाच्या मातांच्या हाती वाढणारी मुले प्रशिक्षित परिचारिकांच्या हातातील मुलांना मागे टाकत होती. पुढील वर्षीच्या पाठपुराव्याने तर वाचकांचा थरकाप उडविला. पाहणीखालील ९१ मुलांपैकी ३४ मुले दुसरे वर्ष संपेपर्यंत दगावली होती. गोवराची साथ आली आणि ही मुले टिकाव धरू शकली नाहीत. दोन ते चार वर्षांची जी २१ मुले अजून तेथे होती, त्यांपैकी आधाराशिवाय चालणारी केवळ पाच होती. वाक्य बोलू शकणारे मूल एकच होते.

अनाथालयाची ही कहाणी अधिक गाजली. परंतु निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम स्पिट्झ यांना सापडले ते तुरुंगाच्या शिशुगृहात, जेथे मुले एरवी उत्तम वाढत होती. तेथे काही वेळा अपरिहार्य कारणांनी आईला मुलापासून दूर करावे लागे. मूल सहा ते आठ महिन्यांचे असताना आई गेली आणि सुमारे तीन महिने परतली नाही, तर काय होते, हे स्पिट्झ यांनी आठवड्यागणिक टिपले.

पहिल्या महिन्यात हसरे मूल रडवेले होते. दिसेल त्याला बिलगते, सोडायला तयार होत नाही. दुसऱ्या महिन्यात रडण्याचे विव्हळणे होते, वजन घटू लागते, विकासांक जागच्या जागी थांबतो. तिसऱ्या महिन्यात मूल माणसाकडे पाठ फिरवते. पालथे पडून राहते, कोणी जवळ गेले तर किंकाळी फोडते किंवा पाहतच नाही. झोप उडते, सर्दी-पडसे पाठ सोडत नाही, चेहरा ताठरतो. त्यानंतर रडणे थांबते. घरच्या माणसाला नेमके येथे हायसे वाटते, आणि नेमके येथेच दुखणे हाताबाहेर जाऊ लागलेले असते. हालचाल मंदावते, नजर कोठेतरी शून्यात लागते, अधूनमधून बारीक कण्हणे तेवढे ऐकू येते. अशा मुलाशी संपर्क साधायला निरीक्षकाला कधी कधी तास-तासभर शांत बसून राहावे लागे.

पाहणीतील १२३ मुलांपैकी १९ मुलांत हे चित्र स्पष्ट आणि तीव्र होते. ज्यांची आई जवळ राहिली, त्यांच्यात ते आढळले नाही. आई गेलेल्या प्रत्येक मुलाला हा आजार झाला असेही नाही, आणि येथे एक विलक्षण गोष्ट समोर आली. ज्या मुलांचे आईशी आधीचे नाते चांगले, जिव्हाळ्याचे होते, तीच अधिक तीव्रतेने आजारी पडली. जिचा लळाच नव्हता, तिच्या जाण्याने मूल तितकेसे ढासळले नाही.

स्पिट्झ यांनी १९४६ मध्ये या अवस्थेला अ‍ॅनाक्लिटिक डिप्रेशन असे नाव दिले. टेकणे, रेलणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. ज्याच्यावर रेलून मूल उभे होते तो आधार निघून गेल्याने आलेले नैराश्य, असा त्याचा भावार्थ. मोठ्यांच्या नैराश्याहून ते वेगळे आहे, हे सांगण्याचा त्यांचा कटाक्ष होता. प्रौढ रुग्ण स्वतःला दोष देतो, अपराधी मानतो. सात महिन्यांच्या मुलाजवळ स्वतःला दोष देण्याइतका ‘स्व’ कोठून येणार? त्या वेळच्या बहुतेक मनोविश्लेषकांचे म्हणणे असे की, म्हणूनच एवढ्या लहान मुलाला नैराश्य संभवत नाही. स्पिट्झ यांनी तो सिद्धान्त नाकारला नाही. मूल स्वतःला दोष देत नसेल, पण ते झिजत मात्र आहे आणि ते मोजता येते, एवढेच त्यांनी दाखविले.

यातील सर्वांत मोलाचा भाग मुदतीचा आहे. आई तीन महिन्यांच्या आत, फार तर पाच महिन्यांच्या आत परत आली, तर मुले आश्चर्यकारक वेगाने सावरत. चेहरा उजळे, विकासांक चढे. त्याहून उशीर झाला तर सुधारणा अवघड होई. म्हणजे हे केवळ दुःखाचे वर्णन नव्हते. उपचार कोणता आणि तो केव्हापर्यंत लागू पडतो, हे सांगणारे ते निदान होते.

१९४७ मध्ये स्पिट्झ यांनी आपले चित्रण जोडून एक मूकपट तयार केला. शोक हे बाल्यातील एक संकट आहे, अशा अर्थाचे त्याचे नाव. त्यात आई नुकतीच गेलेली एक तान्ही मुलगी दिसते. निरीक्षकाशी ती खेळते, खिदळते. एका आठवड्यानंतरचे दृश्य येते आणि ती हीच मुलगी यावर विश्वास बसत नाही. विकासांकाचे तक्ते ज्यांना पटले नव्हते, त्यांना या पडद्यावरच्या चेहऱ्याने गप्प केले.

परिणाम दूरवर पोहोचला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात स्पिट्झ यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला. बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. त्या काळी ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून थोडाच वेळ भेटू देत. १९५९ च्या एका सरकारी समितीने ही बंधने उठविण्याची शिफारस केली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांच्या बालविभागात खाटेखाली चटई टाकून झोपलेल्या आया पाहिल्या की, गैरसोयीतून का होईना, आपण एका मोठ्या चुकीतून वाचलो असे वाटते.

मात्र स्पिट्झ यांचे सारेच बरोबर होते, असे मुळीच नाही. १९५५ मध्ये सॅम्युअल पिन्यो या मानसशास्त्रज्ञाने त्यांच्या आकड्यांची अक्षरशः चिरफाड केली. एका लेखातील संख्या दुसऱ्याशी जुळत नाहीत, संस्थांची ओळख गुप्त असल्याने पडताळणी करता येत नाही, अनाथालयातील मुलांच्या विकासांकाची बरीच घसरण आईपासून ताटातूट होण्याआधीच झालेली दिसते, असे त्यांचे आक्षेप होते. ते बिनतोड नसले तरी वजनदार होते. गोवरासारखी साथ, संस्थेतील कोंडलेपणा, खेळ आणि हालचालीचा अभाव यांपैकी कशाचा वाटा किती, हे स्पिट्झ यांच्या पद्धतीने वेगळे काढता येत नव्हते. पुढे १९७२ मध्ये मायकेल रटर यांनी दाखवून दिले की, आई गमावणे आणि मुळात कोणाशीच नाते न जडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय मुलाचा लळा केवळ जन्मदात्या आईशीच असतो असेही नाही. आजी, वडील, मावशी, दत्तक आई, कोणीही ती जागा घेऊ शकते. अट एवढीच की ते माणूस कायमचे असावे, दर पाळीला बदलणारे नसावे.

स्पिट्झ यांची दुसरी बाजू याहून खटकणारी आहे. १९५० च्या सुमारास त्यांनी तान्ह्या मुलांच्या पोटदुखीपासून इसबापर्यंतच्या तक्रारींचे मूळ आईच्या मनोवृत्तीत शोधले. आईची दडलेली चीड, आईची अतिकाळजी अशी त्यांची कारणमीमांसा होती. ती काळाच्या कसोटीवर उतरली नाही. मुलाच्या प्रत्येक दुखण्याला आईलाच जबाबदार धरण्याची वैद्यकातील जी खोड पुढे कित्येक वर्षे टिकली, तिला स्पिट्झ यांच्यासारख्यांचा हातभार लागला, हे नाकारता येणार नाही. ज्या माणसाने तुरुंगातील आयांची योग्यता जगाला दाखविली, त्यानेच हे लिहावे याचे आश्चर्य वाटते.

मूळ प्रश्नाचा निकाल लागायला मात्र अर्धे शतक जावे लागले. रुमानियातील हुकूमशाहीच्या काळात भरलेल्या अनाथालयांचे वास्तव १९८९ नंतर जगापुढे आले. तेथे अमेरिकी संशोधकांनी २००० च्या सुमारास बुखारेस्टमधील १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्मी मुले पालक-कुटुंबांत पाठविण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ संस्थेतील मुलांपेक्षा सरस झाली आणि दुसऱ्या वाढदिवसाआधी गेलेल्यांना अधिक लाभ झाला. स्पिट्झ यांचे तक्ते सदोष असतील, पण मुदतीबद्दलचे त्यांचे म्हणणे मूलतः खरे होते.

स्वतः स्पिट्झ उतारवयात कोलोरॅडो विद्यापीठात स्थिरावले. १९५७ मध्ये बाळाच्या ‘नाही’ आणि ‘होय’ या खुणांवर आणि १९६५ मध्ये आयुष्याच्या पहिल्या वर्षावर त्यांचे ग्रंथ आले. बाळाच्या मनाची घडण तीन खुणांवरून ओळखावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुमारे तिसऱ्या महिन्यात समोर आलेल्या चेहऱ्याकडे पाहून हसणे, आठव्या महिन्याच्या सुमारास अनोळखी माणसाला पाहून घाबरणे आणि दुसऱ्या वर्षात मान हलवून नाही म्हणणे. आपल्याकडे आठव्या महिन्यातील मूल पाहुण्याकडे जाईना की आई कौतुकाने सांगते, आता माणसे ओळखायला लागले आहे. स्पिट्झ यांचे म्हणणे हेच होते. ज्याने आपले माणूस ओळखले, त्यालाच ते हरवल्याचे कळते. म्हणूनच सहा ते आठ महिन्यांच्या वयातील ताटातूट एवढी जिव्हारी लागते.

तान्ह्यांच्या आणि बालवाडीच्या वयातील मुलांच्या नैराश्याचे निदान आज कसे होते? १९९४ मध्ये अमेरिकेत जन्म ते तीन वर्षे या वयासाठी मानसिक आजारांची स्वतंत्र वर्गवारी तयार झाली. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत ती पाच वर्षांपर्यंत नेण्यात आली. सेंट लुइस येथील मानसोपचारतज्ज्ञ जोन ल्युबी यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. एवढ्या लहान मुलाला उदास वाटते का, असे विचारून भागत नाही. म्हणून बाहुल्यांच्या खेळातून मुलाला बोलते केले जाते, आई आणि मूल एकत्र खेळताना पाहिले जाते. खेळात रमेनासे होणे, हे त्यांना सर्वांत विश्वासार्ह लक्षण वाटले. त्याखेरीज चिडचिड, झोप आणि भूक बिघडणे, खेळात पुन्हा पुन्हा मरणाचा विषय येणे, न केलेल्या चुकीबद्दलही अपराधी वाटणे. बालवाडीच्या वयात शंभरात एक ते दोन मुलांना हा आजार असावा, असा अंदाज आहे. उपचारात या वयाला औषधांपेक्षा आईवडील आणि मूल यांना एकत्र बसवून केलेले मार्गदर्शन पुढे ठेवले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२९ मुलांच्या चाचणीत त्याचा चांगला गुण दिसला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. न हसणारे, मान वळवून न पाहणारे प्रत्येक मूल निराश नसते. ऐकू कमी येणे, स्वमग्नता, थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, कुपोषण यांतही मूल असेच मंद दिसते. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांची तपासणी हवी. मुलासोबत आईकडेही पाहावे लागते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. अशा मातांची मुले सहाव्या महिन्यात वजनाने आणि विकासातही मागे राहत असल्याचे पुढील अहवालात दिसून आले. आई घरात असते, मांडीवर मूल असते आणि तरीही मुलाला ती सापडत नाही. यात आईचा दोष शोधणे म्हणजे स्पिट्झ यांची चूक पुन्हा करणे होय. अशा आईला उपचार मिळाला, तर तो मुलाच्याही उपयोगी पडतो.

स्पिट्झ यांचा पहिला प्रबंध छापला गेला त्याच १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर ताराबाईंनी विकासवाडीची जी मांडणी केली, ती या विषयाला फार जवळची आहे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एका छताखाली आणल्या. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी त्याला कडेवर घेऊनच शाळेत येऊ शकली आणि बाळ तिच्या नजरेआड झाले नाही. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी हे नाव आणि तिची कल्पना याच परिसरातली.

कायद्यानेही काही पावले उचलली आहेत. कैदी मातांच्या मुलांना सहा वर्षांपर्यंत आईजवळ राहू द्यावे आणि तुरुंगांत त्यांच्यासाठी पाळणाघराची सोय असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून नातेवाइकांकडे वा पालक-कुटुंबात वाढणाऱ्या मुलांना साहाय्य दिले जाते. जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणाची चर्चा आपल्याकडे नेहमी आहाराभोवती फिरते. परंतु तीव्र कुपोषित बालकाच्या उपचाराच्या जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या दहा पायऱ्यांत खेळ, स्पर्श आणि मायेचा सहवास ही एक स्वतंत्र पायरी आहे. खाऊ घालूनही वजन न धरणाऱ्या मुलाबाबत या पायरीची आठवण किती ठिकाणी ठेवली जाते, हा प्रश्न विचारायला हवा.

रेने स्पिट्झ यांचे सप्टेंबर १९७४ मध्ये डेन्व्हर येथे वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले. तोपर्यंत तान्ह्या मुलांचे नैराश्य पाठ्यपुस्तकांत पोहोचले असले, तरी ते खरोखर असते का यावरचा वाद मिटला नव्हता. त्यांचा तो मूकपट आज इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. कृष्णधवल चित्रण जुनाट आणि काहीसे अंधुक आहे, कॅमेरा अधूनमधून हलतो. पाळण्यातील मूल आधी कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे पाहते, मग भिंतीकडे तोंड करते आणि चित्रण संपेपर्यंत वळत नाही.